‘स्टुडिओचे हेडफोन कितीही मोठ्यानं ऐका’ असं सांगणाऱ्यांना

परवा रात्री बहिणीचा फोन आला. "दादा, याच्या कानात दोन दिवस शिट्टी वाजतेय म्हणतो. तुझ्याच धंद्यातलं काहीतरी करून बसलाय, जरा बोल त्याच्याशी." भाचा १९ वर्षांचा. पथकात ताशा वाजवतो आणि गेल्या महिन्यात पैसे साठवून त्यानं पहिल्यांदाच वायरवाले मोठे हेडफोन घेतले. नाशिकला इंदिरानगरमध्ये माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे, त्यामुळे हेडफोनचं काही असलं तर तो मला विचारेल असं मी धरून चाललो होतो. पण माझ्याआधी एक फॉरवर्ड त्याच्यापर्यंत पोचला.

एका कंपनीनं नवे फुल-साइज स्टुडिओ हेडफोन जाहीर केले. फोटो आले, आकडे आले, आणि ते अजून कुणाच्या डोक्यावर चढलेही नसताना हा मजकूर फिरायला लागला. पथकाच्या ग्रुपवर आला, कॉलेजच्या ग्रुपवर आला, आम्हा साउंडवाल्यांच्या ग्रुपवरही तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: "बड्स आणि ब्लूटूथ कान खराब करतात. स्टुडिओचे मोठे हेडफोन कानाच्या बाहेर बसतात, म्हणून कितीही मोठ्यानं ऐका, काही होत नाही. नवी जोडी २०० तास फुल व्हॉल्यूमवर वाजवल्याशिवाय खरा आवाज उघडत नाही. स्वतः ऐकत राहा, म्हणजे कानही तयार होतात. ८० किलोहर्ट्झपर्यंत जाणारेच घ्या. ओहम जितके जास्त तितका दर्जा वरचा."

"काही होत नाही" हे कशाच्या जोरावर लिहिलं? कप कानाबाहेर बसला तरी आवाज जातो तो कानाच्याच नळीतून. तिथून पडदा, पडद्यामागची तीन इवलीशी हाडं, आणि त्यापुढं गोगलगायीच्या शंखासारखी कॉक्लिया. त्या शंखात केसासारखी टोकं असलेल्या पेशी असतात आणि ऐकण्याचं काम त्या करतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आवाज दोनशेच्या बड्समधून आला की वीस हजारांच्या हेडफोनमधून, हे त्यांना कळायची सोय नाही. त्यांना कळतं ते एवढंच, की आवाज किती मोठा होता आणि किती वेळ होता.

याचं गणित जागतिक आरोग्य संघटनेनं मांडून ठेवलेलं आहे. ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित. ९० डेसिबल झाला की आठवड्याला फक्त ४ तास. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्म्यावर येतो. याच हिशेबानं १०० डेसिबलला आठवड्याची वीसेक मिनिटंच उरतात. आणि १०० डेसिबल गाठायला काही अचाट लागत नाही. बऱ्याच स्टुडिओ हेडफोनना तेवढ्यासाठी एक मिलिवॅटच्या आसपासच वीज लागते, आणि ती साधा फोनही देतो.

आता ते २०० तास. २०० तास म्हणजे १२,००० मिनिटं. १०० डेसिबल धरला आणि आठवड्याला २० मिनिटं दिली, तर हा ६०० आठवड्यांचा वाटा होतो. साडेअकरा वर्षांचा! एवढा आवाज एका पोरानं काही महिन्यांत कानात ओतावा असा हा सल्ला आहे, आणि तो लिहिणारा वर म्हणतो की कान तयार होतात. कान तयार होत नाहीत, बधिर होतात. मोठ्या आवाजानंतर सगळं कापसातून आल्यासारखं वाटतं, मग तेवढाच आवाज कमी वाटायला लागतो आणि माणूस व्हॉल्यूम आणखी वाढवतो. भाच्यानं नेमकं हेच केलं. आठ रात्री, रोज दोन तास. "मामा, पहिल्या दिवशी टोचत होतं, मग सवय झाली," असं त्यानं मला सांगितलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

त्याच्या बाबतीत तर हे आणखी वाईट. संध्याकाळी गंगापूर रोडच्या लॉन्सवर पथकाचा सराव, तिथं दीड-दोन तास ताशा. ताशांच्या रांगेत उभं राहिलं की १०० डेसिबल ओलांडायला वेळ लागत नाही. आठवड्याचा वाटा सरावाच्या पहिल्याच संध्याकाळी संपलेला, आणि हा घरी येऊन जेवून पुन्हा हेडफोन चढवतो. त्याचे वडील, आमचे दाजी, अंबडला एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशिनांवर आहेत. कारखान्याच्या नियमात ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे, म्हणून त्यांना कानावर मफ घालूनच मशिनवर उभं राहावं लागतं, आणि कंपनीत त्यांचे कान तपासतातही. त्याच घरात आतल्या खोलीत मुलगा त्याहून मोठा आवाज ऐकत होता. घरच्यांना पत्ता नाही, कारण कप बंद होते आणि बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं.

एक गोष्ट मला मान्य करावी लागते. चांगले बंद कपाचे हेडफोन बाहेरचा गोंगाट अडवतात. सीबीएस बसस्थानकावरून सातपूरला जाणाऱ्या बसमध्ये साध्या बड्सवर माणूस इंजिनाच्या वर आवाज चढवतो, बंद कपात तेच गाणं कमी व्हॉल्यूमवर नीट ऐकू येतं. म्हणजे ते कानाला बरे ठरू शकतात, पण आवाज कमी ठेवला तरच. फॉरवर्डनं हे अर्धं उचललं आणि त्याच्या बरोब्बर उलटा सल्ला दिला. शिवाय कानात घट्ट बसणारे बड्सही गोंगाट अडवतात आणि उघड्या कपाचे, म्हणजे मागून जाळी असलेले, महागडे स्टुडिओ हेडफोन अजिबात अडवत नाहीत. मग ‘बड्स वाईट, स्टुडिओ चांगले’ ही विभागणी उरतेच कुठं? ब्लूटूथच्या रेडिओलहरींचा तर या पेशी मरण्याशी संबंधच नाही.

नवी जोडी तासन्‌तास वाजवून ‘उघडायची’, याला बर्न-इन म्हणतात. त्यातही तथ्य असेल तर ते एवढंच, की कानाभोवतीच्या गाद्या वापरून मऊ होतात, डोक्यावर जास्त घट्ट बसतात आणि आवाजात थोडा फरक पडतो. त्याला फुल व्हॉल्यूम लागत नाही. रोजच्यासारखं ऐकलं तरी गाद्या मऊ होतात. बाकीची बरीचशी सवय आपल्या मेंदूला होत असते.

किलोहर्ट्झ म्हणजे आवाज किती टिपेचा आहे याचं माप. त्या ८० किलोहर्ट्झबद्दल फार लिहीत नाही. माणसाला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेही लहान वयात. मी ४६ वर्षांचा आहे, टोन लावून तपासलं तर १४ च्या वर मला शांतता असते, आणि तरी मिक्सिंग करून पोट भरतो. सीडीवर २२ किलोहर्ट्झच्या वरचं काही नसतंच.

ओहमचं, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्या मापाचं, तर सरळ खोटं आहे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो, ज्याला जसं मशिन जोडायचं तसा घ्यायचा. १९९७ सालचा सेनहायझर एचडी ६०० हा ३०० ओहमचा, आणि सोनीचा एमडीआर-७५०६, जो १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंत आणि रेडिओ केंद्रांत वापरला जातो, तो ६३ चा. माझ्याही टेबलावर तोच आहे. ओहम जास्त असतील तर फोनवर आवाज बारीक येईल, एवढंच.

काल रविवारी भाचा स्टुडिओत आला. ज्या व्हॉल्यूमवर मी दिवसभर काम करतो तो त्याला ऐकवला. "एवढाच?" म्हणाला. मग दहा मिनिटं शांत बसून ऐकल्यावर त्यालाच तबल्याच्या मागची तानपुरा ऐकू यायला लागली. शिट्टी मात्र अजून आहे, उलट शांत खोलीत जास्तच ऐकू येते म्हणाला. कानाच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली आहे, ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करायची आहे. तोवर सराव बंद, आणि नंतर डॉक्टर हो म्हणाले तरी कानात मेडिकलमधले फोमचे बोळे घातल्याशिवाय ताशा नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं. कापूस चालणार नाही, त्यानं फारसा आवाज अडत नाही.

वरचं हे सगळं मी आज सकाळी पथकाच्या ग्रुपवर टाकलं. दुपारपर्यंत दोन ताशावाल्या पोरांनी मला वेगळा मेसेज केला, की त्यांच्याही कानात वाजतं, पण घरी सांगितलेलं नाही. दोघांना म्हटलं, उद्या अकराला तुम्हीही चला, घरी मी बोलतो.