'खुर्चीत बसून लिहिलेला सल्ला': खलाशी यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'खलाशी',

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. खाली जशीच्या तशी आहे, कोणीही वाचावी. पण तिचं उत्तर दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून वेगळं लिहितोय.

मागच्या लेखात मी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. समुद्रावरून आलेलं आउटबोर्ड इंजिन (होडीच्या मागे बाहेरून लावतात ते) त्याच दिवशी गोड्या पाण्यावर चालवून आतून धुवा, झिंक (इंजिनाऐवजी स्वतः झिजावा म्हणून लावलेला जस्ताचा तुकडा) अर्धं झिजलं की बदला, आणि पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत इंजिन ठेवताना ते कोरडं आणि उभं ठेवा. त्यावर तुम्ही लिहिलंत, "लेखकमहाशय, मे महिन्यात आमच्याकडे माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही इंजिनाला पाणी पाजायला सांगता. खुर्चीत बसून लिहिलेला पुस्तकी सल्ला." त्याखाली आणखी काही मुद्दे आहेत, त्यांच्याकडे शेवटी येतो.

पाण्याचा प्रश्न तुम्ही साध्या शब्दांत विचारला असतात तर मी साध्या शब्दांत उत्तर दिलं असतं. प्रश्न रास्त आहे. 'लेखकमहाशय' आणि 'खुर्चीत बसून' याची काय गरज होती, ते मला कळलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. आपल्या किनाऱ्यावर अनोळखी माणसाशी बोलायची ही रीत नाही.

आता विषय काढलाच आहे तर ऐका. मी मालवणचा. वडिलांची वल्हवायची होडी होती, तिला पुढे आउटबोर्ड लागलं, कर्ज काढून. ते इंजिन कर्ज फिटायच्या आधी गेलं. रोज बाहेरून पुसायचे, तेलपाणी वेळेवर, चालवण्यात हयगय नाही. पण आतून धुवायचं असतं हे त्यांना इंजिन विकणाऱ्याने सांगितलं नाही, शेजारच्या होडीवाल्यानेही नाही. इंजिन तापून बंद पडायला लागलं तेव्हा मेकॅनिकने इंजिनाचं डोकं उघडलं आणि तिथेच सांगितलं की याच्यात आता काही राहिलेलं नाही. पुढचे हप्ते आम्ही भंगारात गेलेल्या इंजिनाचे भरले. मी या कामात पडलो तो त्यामुळे, आणि आजही माझा दिवस इंजिनं खोलण्यातच जातो. या सल्ल्याला तुम्ही पुस्तकी म्हणालात ते मला लागलं, आणि लागलं हे लपवायचं कारण नाही.

"कंपनीने खाऱ्या पाण्यासाठीच बनवलंय" असंही तुम्ही त्याच दमात म्हणता. बनवलंय, मान्य. धातू तसा निवडलेला असतो, रंगाचे थर असतात, झिंक त्यासाठीच लावलेलं असतं. आणि तरीही खाऱ्या पाण्यात वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवा, असं त्याच कंपन्यांची मॅन्युअलं सांगतात. ती उगाच सांगत नाहीत.

इंजिन चालू असतं तेव्हा खालचा इंपेलर, म्हणजे पंपाचं रबरी चाक, समुद्राचं पाणी ओढतो, ते ब्लॉकमधून, म्हणजे इंजिनाच्या धडातून, फिरतं आणि बाहेर पडतं. एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम मीठ असलं तरी पाणी वाहतं आहे तोवर ते विरघळलेलं राहतं. बिघाड होतो तो इंजिन बंद केल्यावर. पंप थांबतो, ब्लॉक अजून गरम असतो, आत अडकलेलं पाणी आटतं आणि मीठ तिथेच बसतं. दुसऱ्या दिवशी त्यातलं थोडं धुतलं जातं, थोडं राहतं, त्यावर नवा थर चढतो. आणि हे मीठ कोरडंही राहत नाही. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच. आपल्या किनाऱ्यावर रात्रीची आर्द्रता किती असते हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे होडी वाळूवर ओढून तुम्ही घरी झोपलेले असता तेव्हा आतला ॲल्युमिनियम खाल्ला जात असतो.

तो कसा दिसतो ते सांगतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप. त्याच्या झाकणाचे बोल्ट पोलादी, ब्लॉक ॲल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, म्हणजे झीज होणारच, आणि ती ॲल्युमिनियमची होते. बोल्टाच्या भोवती पांढरी भुकटी जमते, ती फुगते आणि बोल्टाला घट्ट आवळते. पाना लावला की बोल्टाचं डोकं तुटून पान्यात येतं, दांडा आतच. झाकण कसंबसं निघालं की आत राखाडी-पांढरा खर, इतका कडक की स्क्रू ड्रायव्हरने टोचून काढावा लागतो. पाणी जायची वाट काडी जाईल एवढी उरलेली. थर्मोस्टॅट त्यात रुतून बसलेला, ना पूर्ण उघडा, ना पूर्ण बंद. असं इंजिन तापणार नाही तर काय होणार?

आता पाणी. मी 'गोडं पाणी' लिहिलं होतं, 'प्यायचं पाणी' लिहिलं नव्हतं. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, माणसं ते पाणी तोंडात धरत नाहीत. इंजिनाला ते चालतं. मचूळ पाण्यात लिटरमागे दोन-तीन ग्रॅम मीठ असलं तरी समुद्राच्या मानाने ते दहावा हिस्सासुद्धा नाही. ज्या विहिरीवर मे महिन्यात कोणी कळशी घेऊन जात नाही, तिच्यावरून पाणी आणा. कोणाच्या तोंडचं पाणी मी पळवायला सांगितलेलं नाही, आणि तसं सुचवणं मला अजिबात आवडलेलं नाही.

किती पाणी लागतं तेही बघा. तोंड कापलेलं 200 लिटरचं पिंप घ्या आणि त्यात दीडशे लिटर पाणी भरा. इंपेलरची जागा आणि पंख्यावरची आडवी पट्टी पाण्याखाली गेली पाहिजे. पंखा काढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि इंजिन मंद चालवा. इंजिन पिंपातलंच पाणी ओढतं आणि पिंपातच सोडतं, पाणी वाया जात नाही. समजा प्रत्येक इंजिनातून एक लिटर समुद्राचं पाणी त्यात आलं. एकामागून एक सहा इंजिनं धुतली तरी पिंपात 210 ग्रॅम मीठ झालं, म्हणजे लिटरमागे दीड ग्रॅमच्या आत. समुद्राच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढं. दीडशे लिटरला सहाने भागा, एका इंजिनाला पंचवीस लिटर. जेटीवर सहा होडीवाले एक पिंप ठेवू शकत नाहीत का? घरी नळाखाली धुतलेल्या दुचाकीला याहून जास्त पाणी जातं.

एकच सांभाळा, दोन मिनिटांत आटपू नका. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो, तो इंजिनाप्रमाणे 50 ते 60 अंशांच्या आसपास उघडतो. त्याआधी बंद केलंत तर जिथे खर बसतो तिथवर गोडं पाणी नीट पोचलेलंच नसतं. दहा-पंधरा मिनिटं द्या. आणि पाण्याशिवाय क्षणभरही चालवू नका, इंपेलर रबराचा असतो, तो जळतो.

तुमचं एक म्हणणं मी मानतो. सकाळी जाऊन आलो, दुपारी परत जायचंय, तर मधे धुण्यात अर्थ नाही. पाणी आटायला वेळच मिळत नाही. दिवसाच्या शेवटच्या फेरीनंतर धुतलं की पुरे, आणि मी लेखात हे वेगळं लिहायला हवं होतं.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. डिझेलचा बोळा फिरवला की झालं, असं तुम्ही म्हणता. मीठ डिझेलमध्ये विरघळत नाही आणि बोळा ब्लॉकच्या आत जात नाही, यावर अधिक काय बोलायचं? झिंक महाग पडतं म्हणता, तर त्याची आणि इंजिनाच्या पाण्यातल्या पायाच्या केसिंगची (कवचाची) किंमत तुम्हीच विचारून या. फक्त त्यावर रंग मारू नका, तुम्ही टाकलेल्या फोटोतल्या इंजिनावर मारलेला दिसतोय. मी कोणत्या कंपनीची जाहिरात करतो, या आरोपाला उत्तर देणार नाही. लेखात एकाही कंपनीचं नाव नव्हतं.

मे महिन्याचंच म्हणत असाल तर त्याच महिन्याच्या अखेरीला धुणं सगळ्यात गरजेचं असतं. 1 जून ते 31 जुलै बंदी. आत मीठ ठेवून इंजिन दोन महिने शेडमध्ये उभं, बाहेर धो धो पाऊस, हवा ओलीचिंब. ऑगस्टमध्ये माझ्याकडे येणारी बहुतेक इंजिनं समुद्राने बिघडवलेली नसतात, या दोन महिन्यांनी बिघडवलेली असतात. मेमध्ये पाणी नसेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात पागोळ्यांखाली पिंप ठेवा, एका रात्रीत भरतं. त्याहून स्वच्छ पाणी इंजिनाला मिळणार नाही आणि त्याचं कोणाला काही द्यावं लागत नाही.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा. त्याआधी तुमच्या इंजिनाच्या थर्मोस्टॅटचं झाकण उघडा आणि आतला फोटो टाका. बोल्ट फिरत नसेल तर जोर लावू नका. गंजलेल्या सांध्यात शिरणारं (पेनिट्रेटिंग) तेल सोडून रात्रभर ठेवा, तरीही हलला नाही तर भोवतीचा भाग जरा गरम करून घ्या, आणि बसवताना गॅस्केट नवं घाला.