सिंथेटिक ऑइलच्या त्या व्हिडिओतले दावे

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ट्रॅक्टर आणि गाडीमालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ सारखा फिरतो. टेबलावर छोटं यंत्र, त्यात फिरती रिंग, रिंगवर लिव्हरने दाबलेला बेअरिंगचा रोलर. साधं ऑइल घातलं की यंत्र कर्कश आवाज करून थांबतं, ‘फुल सिंथेटिक’ घातलं की जास्त वजन टांगूनही फिरत राहतं. सोबतचा मजकूर असा: हे ऑइल चौपट ताकदीचं, खान्देशच्या उन्हाला २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइलच पाहिजे, २० हजार किलोमीटर बदलायचं काम नाही, ॲव्हरेज १५ टक्के वाढतं आणि काळं पडलेलं ऑइल म्हणजे मेलेलं ऑइल.

आधी यंत्राचं बघू, कारण बाकी सगळ्याचा भार त्याच्यावर आहे. ही रिंग-रोलरची पद्धत मुळात गिअर ऑइल आणि ग्रीस किती दाब सोसतं हे पाहण्यासाठी वापरतात. तिथे धातूवर धातू मुद्दाम घासला जातो, तोही साध्या तापमानाला. इंजिनात क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये पंपाच्या दाबाने आलेल्या ऑइलचा थर असतो, त्या थरावर क्रँक तरंगते. कॅम, टॅपेट, पिस्टन रिंग इथे घासणं होतं, पण तिथलं ऑइल तापलेलं असतं, त्यात काजळी, इंधन आणि पाण्याची वाफ मिसळलेली असते. झीज रोखणारं जस्त-फॉस्फरसचं रसायन उष्णता मिळाल्यावरच धातूवर नीट थर धरतं. त्यामुळे थंड यंत्रावर चांगलं इंजिन ऑइलही मागे पडू शकतं आणि डिफरन्शियलमध्ये घालायचं ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल सहज जिंकतं. ते कोणी इंजिनात ओतेल का? क्लोरीनयुक्त द्रव्य मिसळलं तरी यंत्रावर झकास निकाल येतो. इंजिनात मात्र उष्णता आणि ओलाव्याने त्याचं आम्ल होतं आणि ते बेअरिंग खातं. शिवाय वजन झटक्यात टांगलं की हळू, रिंग नवी होती की आधीच घासून गुळगुळीत झालेली, हे सगळं दाखवणाऱ्याच्या हातात असतं.

इंजिन ऑइलची खरी परीक्षा इंजिनातच होते. एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचा ‘एसपी’ हा दर्जा २०२० साली आला. त्यासाठी कॅमची झीज, टायमिंग चेनची झीज, गाळ, उष्णतेने ऑइल घट्ट होणं यांच्या वेगवेगळ्या चाचण्या ठरलेल्या इंजिनांवर घेतात. म्हणून ‘चौपट’ वाचलं की विचारायचं: कशाच्या चौपट? कोणत्या चाचणीत? पुष्कळदा ही तुलना दुसऱ्या कंपनीच्या ऑइलशी नसते, दर्जाने ठरवलेल्या किमान मर्यादेशी असते.

‘फुल सिंथेटिक’ या शब्दावरही फार विसंबू नये. १९९९ मध्ये अमेरिकेत जाहिरातींच्या तक्रारी पाहणाऱ्या संस्थेने कच्च्या तेलापासून खोल प्रक्रिया करून बनवलेल्या, म्हणजे गट तीनच्या बेस ऑइललाही (ज्यात रसायनं मिसळून इंजिन ऑइल बनतं ते मूळ तेल) सिंथेटिक म्हणू दिलं. तेव्हापासून एकाच नावाखाली वेगवेगळे बेस विकले जातात. गट तीन वाईट नाही, पण डब्यावरच्या त्या दोन शब्दांवरून दोन ऑइलांची तुलना होत नाही.

आता उन्हाचं. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो हे खरं, पण इंजिनातलं पाणी थर्मोस्टॅट ८०-९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो आणि ऑइल साधारण ९० ते १२० अंशांवर असतं. रेडिएटर स्वच्छ असेल तर बाहेरच्या १० अंशांनी तिथे फार फरक पडत नाही. आपल्याकडे कापसाचे तंतू, भुसा आणि धूळ जाळीत अडकून ट्रॅक्टर तापतो. तो जाड ऑइलने थंड होणार नाही, जाळी धुवावी लागेल. ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑइल मागणाऱ्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घातलं की सकाळच्या स्टार्टला ते वर पोहोचायला वेळ लागतो, घर्षण वाढतं, ऑइलच्या दाबावर चालणारा चेन टेन्शनर (टायमिंग चेन ताणून धरणारा भाग) मंदावतो. गाडीच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० आणि १५डब्ल्यू-४० दोन्ही चालतात असं लिहिलं असेल आणि गाडी भरल्या मालाने कन्नडचा घाट चढत असेल, तर १५डब्ल्यू-४० घ्यावं. तिथे जाड ऑइलची बाजू खरी आहे.

२० हजार किलोमीटरची मुदत युरोपातल्या काही इंजिनांना, त्या इंजिनाच्या मंजुरीचं ऑइल असेल तर लागू पडते. डब्यावरचं वाक्य वाचून ती आपल्या पिकअपला लावता येत नाही. धुळीचा रस्ता, बांधावरची ये-जा, तासन्‌तास आयडलिंग हे कठीण वापरात मोडतं आणि पुस्तकात त्यासाठी कमी मुदत दिलेली असते. ट्रॅक्टरचा हिशोब तर किलोमीटरवर नाहीच, तासांवर आहे.

१५ टक्के ॲव्हरेज ऑइलने वाढत नाही. पातळ ऑइलने फरक पडला तर तो एक-दोन टक्क्यांचा असतो. टायरची हवा कमी-जास्त झाली तरी तेवढा फरक दिसतो.

डिझेल इंजिनात नवं ऑइल काही शे किलोमीटरमध्ये काळं होतं, कारण ते काजळी आपल्यात धरून ठेवतं. तेच त्याचं काम आहे. रंगावरून ऑइल पारखू नका. आणि डिपस्टिकवर दुधाळ फेस दिसला तर किलोमीटर मोजत बसू नका, पाणी शिरतंय का ते लगेच बघा.

दोन ऑइलांची तुलना करायचीच असेल तर दोन्ही कंपन्यांचे तांत्रिक तक्ते शेजारी ठेवा. १५० अंशांवरचा एचटीएचएस चिकटपणा, म्हणजे खूप तापलेलं ऑइल जोरात घासलं जाताना किती घट्ट राहतं, तो बघा: ५डब्ल्यू-३० ला किमान २.९ लागतो, पण एसीईए सी३ हा युरोपीय दर्जा असेल तर किमान ३.५. नोआक बाष्पीभवन, म्हणजे तापल्यावर किती ऑइल उडून जातं ते, एपीआय एसपीच्या ५डब्ल्यू-३० ला १५ टक्क्यांपर्यंत चालतं; ९ टक्केवालं ऑइल कमी उडेल, टॉप-अप कमी लागेल. फ्लॅश पॉइंट (ऑइलची वाफ पेट घेते ते तापमान) २२५ की २३५, याने काही ठरत नाही. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीला कमी राखेचंच (जळल्यावर कमी राख उरणारं) ऑइल लागतं, सी३ मध्ये राख ०.८ टक्क्यांच्या आत असते. जास्त राखेचं ऑइल घातलं की ती राख फिल्टरमध्ये साचते, आणि रिजनरेशनने, म्हणजे फिल्टर तापवून साफ करण्याने, काजळी जळते, राख जळत नाही. मोटरसायकलला जासो या जपानी दर्जाचं एमए किंवा एमए२ हवं, नाहीतर इंजिन ऑइलमध्येच बुडालेला ओला क्लच घसरतो. डब्यावर ‘मान्यताप्राप्त’ आहे की ‘या दर्जासाठी योग्य’ एवढंच, तेही वाचा. दुसरं वाक्य कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर लिहिते.

आपल्याच गाडीचा पुरावा हवा असेल तर वापरलेलं ऑइल प्रयोगशाळेत तपासून घ्या. इंजिन गरम असताना ड्रेन बोल्ट काढा, पहिली धार जाऊ द्या, मधल्या धारेचं १०० मिली कोरड्या स्वच्छ बाटलीत घ्या, बाटलीवर किलोमीटर किंवा तास लिहा. अहवालात लोखंडासोबत सिलिकॉन चढलेलं दिसलं, तर बहुधा एअर फिल्टर किंवा त्याच्या पाइपातून धूळ आत येते आहे, आणि ती गळती बंद होईपर्यंत कोणत्या ब्रँडचं ऑइल घातलं याने झीज थांबणार नाही.