बोटीचा गिअर जड झालाय? केबलीत ऑइल सोडण्याआधी हे वाचा

‘बोटीचा गिअर जड पडतोय? मेकॅनिकला पैसे देऊ नका’ असा एक मजकूर सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीपासून खाली गोव्यापर्यंत मोबाइलवर फिरतोय. आपल्याकडची बरीच पोरं हंगामात चोर्ला घाट उतरून गोव्यात बोटींवर कामाला जातात, त्यांच्यात तो भराभर पसरला. मजकूर थोडक्यात असा: लिव्हर जड झाला म्हणजे केबल सुकली, वरून ऑइल सोडा. न्यूट्रलला घेताना इंजिन बंद पडत असेल तर आयडल (इंजिनाचा रिकामा वेग) वाढवा. तरी पडलं तर केबलीजवळच्या छोट्या स्विचची वायर काढून टाका. इंजिन बंद ठेवून लिव्हर हलवा, गिअर पडला नाही तर केबल गेली. बदलायचीच झाली तर मोटरसायकलच्या क्लच केबलीसारखी गावातच बनवून घ्या, आणि जुनीच्या टोकाला नवी बांधून ओढून घ्या. ड्राइव्ह उतरवायची गरज नाही.

यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही, आणि दोन तर सरळ अपघात घडवणारे आहेत. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशिनचं काम करतो. ट्रेलरवरून घाट चढून आलेल्या स्टर्नड्राइव्ह बोटींचं काम माझ्या हाताखालून जातं, म्हणून हे नीट लिहिणं मला गरजेचं वाटलं.

आधी रचना. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत, मागच्या भिंतीला लागून बसतं आणि पंख्याचा ड्राइव्ह त्या भिंतीबाहेर पाण्यात असतो. मर्क्रुझर कंपनीचा अल्फा ड्राइव्ह घेऊ, कारण या मजकुरातलं स्विचचं वर्णन त्याला लागू पडतं. त्यात गिअरची केबल एक नसते, दोन असतात. पहिली चालकाच्या कंट्रोल बॉक्सपासून इंजिनवरच्या शिफ्ट प्लेटपर्यंत, म्हणजे दोन्ही केबली जिथं जोडलेल्या असतात त्या पट्टीपर्यंत, येते. दुसरी, म्हणजे खालची, शिफ्ट प्लेटपासून निघून मागच्या भिंतीतून बाहेर पडते आणि रबरी बेलोजमधून (घड्यांच्या नळीतून) बेल हाउसिंगमधल्या, म्हणजे ड्राइव्ह ज्या घरावर बसतो त्यातल्या, छोट्या लिव्हरला जाऊन मिळते. मजकूर लिहिणाऱ्यानं ‘केबल’ म्हणताना यातली कुठली, हे कुठंच सांगितलेलं नाही. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आता ऑइल. ही केबल कारखान्यातून आतल्या लायनरसह, ग्रीस भरून, टोकं बंद करून येते. तिला आयुष्यभर वरून वंगण द्यायचं नसतं. मग ती जड का होते? बहुतेक वेळा आत पाणी शिरलेलं असतं. खालच्या केबलीचं बाहेरचं कव्हर एक्झॉस्टच्या गरम भागाला टेकून वितळतं, ड्राइव्ह वर-खाली आणि डावीकडं-उजवीकडं वळताना सारखं वाकून चिरतं, किंवा बेलोज फाटतो. पाणी, त्यातून खारं पाणी, आत गेलं की स्टीलची तार गंजते, गंजल्यावर फुगते आणि नळीत आवळते. उतरवलेली अशी केबल टेबलावर सरळ ठेवून आतली तार ओढून बघा. थोडी सरकते, मग खर्रकन अडकते, जोर दिला की पुन्हा सुटते. जिथं अडकते तिथं कव्हर कापलं तर तांबूस चिखल निघतो. वरच्या टोकातून सोडलेलं ऑइल तिथवर धड पोचतही नाही.

‘पण काका, ऑइल सोडल्यावर चार दिवस छान चालली,’ असं एका पोरानं मला सांगितलं. चालली असेल, मी नाकारत नाही. पातळ ऑइल किंवा स्प्रे कारखान्याचं ग्रीस विरघळवून काढतो, गंज थोडा सैल होतो आणि लिव्हर हलका वाटतो. नंतर तिथं ना जुनं ग्रीस राहतं, ना गंज गेलेला असतो, आणि ओल्या ऑइलला बारीक रेती चिकटते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खालच्या केबलीचं कव्हर हे पाणी बोटीबाहेर ठेवणाऱ्या भागांपैकी एक आहे. ते चिरलं की त्यातून पाणी ठिबकत बोटीच्या तळात जमतं. म्हणून गिअर जड झाला आणि तळातला पंपही पूर्वीपेक्षा जास्त वेळा चालू होऊ लागला, या दोन तक्रारी एकत्र आल्या तर त्या एकच समजा. ऑइल ओतून तुम्ही गिअरची तक्रार चार दिवस झाकता; तळातलं पाणी मात्र वाढतच राहतं.

खरं काम आहे जडपणा नेमका कुठं आहे ते शोधण्याचं. याला महागडं हत्यार लागत नाही. बोट ट्रेलरवर घ्या, किल्ली काढून खिशात टाका. शिफ्ट प्लेटवरून वरची केबल सोडवा आणि कंट्रोलचा लिव्हर हलवा. अजूनही जड? मग दोष वरच्या केबलीत किंवा कंट्रोल बॉक्समध्ये आहे. बॉक्समधूनही केबल सोडवून पाहिली की दोघांत कोण ते कळतं. लिव्हर हलका झाला तर वरचं सगळं ठीक आहे. आता शिफ्ट प्लेटवरची खालची केबल हातानं पुढं-मागं करा आणि त्याच वेळी दुसऱ्याला पंखा हातानं सावकाश फिरवायला सांगा. तिथं जोर लागत असेल तर दोष खालच्या केबलीत किंवा ड्राइव्हमध्ये. शेवटचा निवाडा ड्राइव्ह उतरवल्यावर होतो. ड्राइव्ह बाजूला झाल्यावरही केबल जड असेल तर केबल किंवा बेल हाउसिंगमधला तो लिव्हर धरलाय. केबल हलकी झाली तर ती बदलून काही मिळणार नाही, ड्राइव्हच्या शिफ्ट शाफ्टकडं बघावं लागेल. एवढं न करता केबल विकत आणणारे लोक मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. निम्मा खर्च चुकीच्या केबलीवर झालेला असतो.

या परीक्षेत पंखा फिरवायलाच हवा, आणि मजकुरातला ‘इंजिन बंद ठेवून लिव्हर हलवा’ हा सल्ला इथंच फसतो. अल्फाच्या खालच्या भागात डॉग क्लच असतो, म्हणजे दातांना दात बसून गिअर पडतो. पंखा स्थिर असताना दातावर दात आला की लिव्हर पुढं जाणारच नाही, केबल कालच नवी घातलेली असली तरी. तिथं जोर लावून लिव्हर दाबणारे नवी केबल वाकवून ठेवतात.

आता ज्या दोन सल्ल्यांनी मला हे लिहायला बसवलं ते: आयडल वाढवणं आणि स्विचची वायर काढणं.

गिअरमधून न्यूट्रलला येताना दातांवर इंजिनाचा जोर असतो, त्यामुळं ते सहज सुटत नाहीत. म्हणून अल्फाच्या शिफ्ट प्लेटवर एक छोटा स्विच असतो. केबलीवर ताण आला की तिथली पट्टी किंचित सरकते, स्विच दाबला जातो आणि इंजिनाची ठिणगी क्षणभर तुटते. इंजिन एक ठोका चुकल्यासारखं होतं, दातांवरचा जोर जातो, गिअर सुटतो, ठिणगी परत येते. सगळं इतक्या पटकन होतं की सवय नसलेल्याला कळतही नाही. खालची केबल जड झाली की हा ताण क्षणभर न राहता टिकून राहतो, स्विच दाबलेलाच राहतो आणि इंजिन बंद पडतं. जेटीला लागताना बोट बंद पडते, ही खालच्या केबलीची अगदी ठरलेली तक्रार आहे. कार्बोरेटर साफ करून, पेट्रोल बदलून ती जात नाही.

आयडल वाढवला तर इंजिन बंद पडणं कदाचित थांबेल, पण मग प्रत्येक वेळी दात जास्त वेगानं एकमेकांवर आदळतात, त्यांचे कोपरे झिजतात आणि पुढं गिअर चालू बोटीत आपोआप निसटायला लागतो. वायर काढून टाकली तर त्याहून वाईट. इंजिन बंद पडणार नाही, पण गिअरही सुटणार नाही. तुम्ही लिव्हर न्यूट्रलला ओढताय आणि बोट पंखा फिरवत जेटीकडं, किंवा पाण्यात उतरलेल्या माणसाकडं जातेय. हा सल्ला ज्यानं लिहिला त्यानं तो परत घ्यावा, आणि ज्यांनी पुढं पाठवला त्यांनी त्याच लोकांना हे सांगावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मर्क्रुझरच्या ब्राव्हो ड्राइव्हमध्ये दातांऐवजी कोन (शंकूच्या आकाराचा) क्लच असतो आणि तोही वरच्या भागात, त्यामुळं तिथं या स्विचचं काम नसतं. म्हणजे एका बोटीवर ‘चाललं’ ते दुसरीवर चालेलच असं नाही.

‘क्लच केबलीसारखी बनवून घ्या’ याचं उत्तर आमच्या बेळगावच्या कारागिरांना लगेच पटेल. इथं ओतकामापासून लेथपर्यंत काय होत नाही? पण क्लचची केबल फक्त ओढते, परत आणायचं काम स्प्रिंग करते. बोटीची केबल ओढतेही आणि ढकलतेही: एका दिशेनं फॉरवर्ड, दुसऱ्या दिशेनं रिव्हर्स. दोन्हींचं कव्हर सोलून बघा. क्लच केबलीच्या कव्हरात चपटी तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. दाबली तर दबत नाही, पण ताणली तर वेटोळी उघडतात. बोटीच्या केबलीत तारा लांबीच्या दिशेनं, एकमेकींना लागून बसवलेल्या असतात, म्हणून ती ताणलीही जात नाही आणि आखडतही नाही. क्लचच्या नळीत ढकलणारी तार घातली तर ती आत वाकते, अर्धी हालचाल तिथंच खर्च होते आणि गिअर अर्धवट पडतो. डॉग क्लचला अर्धवट गिअर म्हणजे दात घासणं. तेव्हा कंपनीचीच किंवा त्याच मापाची केबल आणा. वरच्या केबलीची लांबी जुनीच्या कव्हरावर छापलेली असते. बसवताना तिला ८ इंचांपेक्षा लहान त्रिज्येचं वळण देऊ नका, नाहीतर नवीकोरी केबलही पहिल्या दिवसापासून जड.

राहिलं ‘बांधून ओढून घ्या’. वरच्या केबलीपुरतं हे बरोबर आहे, लांब बोटीत मीही तसंच करतो. खालची मात्र अशी येत नाही. ती बेल हाउसिंगमध्ये आट्यांनी घट्ट बसवलेली असते, वर सीलंट असतो, बेलोजला क्लॅम्प असते. त्यासाठी ड्राइव्ह उतरवावाच लागतो: अल्फा असेल तर आधी फॉरवर्ड गिअरमध्ये टाकायचा, मग सहा नट सोडून दोघांनी मिळून मागं ओढायचा. बसवतानाही फॉरवर्डमध्येच. एवढं उघडलंच आहे तर शिफ्ट केबलीचा बेलोज नवा घाला आणि बाकीच्या बेलोजांना बोटं फिरवून चिरा बघा. जोडणीचं माप त्या ड्राइव्हच्या पुस्तकातून घ्या, अंदाजानं नाही. बोट पाण्यात सोडल्यावर ट्रेलर लगेच काढू नका. थोडा वेळ थांबून तळात पाणी येतंय का ते पाहा.

हे फक्त गोव्याच्या बोटींसाठी नाही. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या चिकोडी, रायबाग, अथणी तालुक्यांत बोटींशिवाय गत्यंतर नव्हतं. पुरात धावणाऱ्या बोटींना बहुधा आउटबोर्ड, म्हणजे मागं बाहेर टांगलेलं, इंजिन असतं, पण ज्यांना कंट्रोल बॉक्स आहे त्यांची केबल याच जातीची, ढकलणारी आणि ओढणारी. पुराची बोट वर्षातले कितीतरी महिने शेडमध्ये पडून असते, आणि न हलवलेली केबल गंजून धरते. ज्या गावात अशी बोट आहे तिथं मृग लागण्याआधी किल्ली काढून, एकानं पंखा हातानं फिरवत आणि दुसऱ्यानं लिव्हर हलवत फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स तिन्ही पडतात का ते बघावं. जड लागली तर केबल तेव्हाच मागवावी. पाणी चढल्यावर ती मिळत नाही.