‘इतिहास-भूगोल बंद’ म्हणणाऱ्या मेसेजला खारपाणपट्ट्यातून उत्तर

शाळा उघडल्यापासून एक मेसेज शिक्षकांच्या, पालकांच्या, अगदी बचत गटाच्या ग्रुपवरही फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: नव्या अभ्यासक्रमात इतिहास आणि भूगोल बंद झाले, दोन्हींची मिळून ‘सामाजिक शास्त्र’ नावाची खिचडी केली. ‘शोधा, विचारा, चर्चा करा’ हे शहरातल्या शाळांना जमेल, झेडपीच्या शाळेत त्यासाठी साधनं कुठून आणायची, आणि कामांनी दबलेल्या शिक्षकाला वेळ कुठला? ग्रामसभा, हक्क वगैरे शिकवणं म्हणजे वर्गात राजकारण आणणं. तेव्हा गाइड पाठ करून घ्या आणि वाचलेला वेळ गणित-इंग्रजीला द्या.

मी अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेल्या भागात, सहावी ते आठवीला हा विषय शिकवते. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीचे, मुलांची खरोखर काळजी असलेले लोक आहेत. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ‘बंद झाले’ याबद्दल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आलं, त्यावर बेतलेला शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2023 मध्ये. त्यानुसार एनसीईआरटीने 2024 मध्ये सहावीसाठी इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांच्या तीन पुस्तकांच्या जागी एकच पुस्तक काढलं. भीतीचं मूळ बहुधा इथे आहे. पण त्या पुस्तकाचे पाच भाग बघा: भूमी आणि लोक, भूतकाळ, सांस्कृतिक वारसा, शासन आणि लोकशाही, आर्थिक जीवन. यातून काय गळालं? अकरावी-बारावीला इतिहास आणि भूगोल स्वतंत्र विषय म्हणून आहेतच. आपल्या राज्यात बदल 2025-26 मध्ये पहिलीपासून सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने वरच्या वर्गांकडे येतोय. शिवाय तिसरी ते पाचवीला आपण कित्येक वर्षं ‘परिसर अभ्यास’च शिकवत आलो. तेव्हा कोणी इतिहास बुडाला म्हणून ओरडलं नाही.

आता खिचडी. या शब्दाचं मला फार वाईट वाटतं, कारण विषय वेगवेगळे ठेवल्यामुळे आमच्या मुलांचं काय नुकसान होत होतं ते मी पाहिलंय.

आठवीतल्या एका मुलाने भूगोलाच्या तासाला विचारलं होतं, “मॅडम, आमच्या हिरीचं पानी खारं काहून हाय?” पुस्तकात उत्तर नव्हतं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. वर काळी कसदार जमीन, खाली खारं पाणी. त्यामुळे विहीर असूनही ओलीत होत नाही, पिकं पावसावर: कापूस, तूर, मूग, हरभरा. हे झालं भूगोलाचं. पुढच्या आठवड्यात इतिहासाच्या तासाला 1930 चा मिठाचा सत्याग्रह आला, दांडीचा. मुलांनी वाचलं आणि पान उलटलं. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब, त्यांना त्यात आपलं काही दिसलं नाही.

मी पुस्तक बंद केलं आणि सांगितलं, की त्याच वर्षी आपल्याच जिल्ह्यात दहिहंड्याला मिठाचा सत्याग्रह झाला होता. वर्ग एकदम गप्प झाला. दहिहंडा त्यांच्या माहितीचं, कोणाची आत्या तिथे दिलेली, कोणाचा मामा तिथला. “पन तिथं समुद्र कुठं हाय?” समुद्र नाही, विहिरी आहेत. विहिरीचं खारं पाणी आटवून लोकांनी मीठ काढलं आणि कायदा मोडला. ज्या पाण्याला घरोघर शिव्या बसतात, त्याच पाण्याने इंग्रज सरकारला आव्हान दिलं होतं. मग प्रश्न थांबेनात. मिठावर कर का होता? कर कोण बसवतं? आज आपल्या नळाला गोडं पाणी कोणत्या धरणातून येतं, आणि ते कोणी ठरवलं? एका तासात जमिनीचे थर, स्वातंत्र्यलढा, कर आणि पाणीपुरवठा एकमेकांना येऊन भेटले. ज्याला मेसेजमध्ये खिचडी म्हटलंय, ते हेच.

साधनांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. साधन म्हणजे इंटरनेट आणि प्रोजेक्टर एवढंच धरलं तर आम्ही मागे आहोत, कबूल. आमच्याकडचं वायफाय पावसाळ्यात चार चार दिवस बंद असतं. पण जुने कागद वाचून, माणसांना विचारून आणि जमीन पाहून निष्कर्ष काढणं ही नव्या आराखड्यातली क्षमता असेल, तर त्यासाठी खेड्याइतकी श्रीमंत जागा दुसरी नाही. सातबारा घराघरात आहे. जात पडताळणीसाठी कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल मिळवताना बापाने किती चकरा मारल्या, हे आठवीच्या मुलाला तोंडपाठ असतं. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 आणि इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा पुरावा का मागतात, हा प्रश्न त्याच्या घरचा आहे. इतिहासात पुरावा म्हणजे काय, हे याहून नीट कोणतं पुस्तक शिकवेल?

आणि आमच्या कपाटातलं दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-सोडून गेलेल्या मुलांची नोंदवही. आजोबांची नोंद शोधायला लोक शाळेत येतात, त्यामुळे मुलांना ते माहीत होतं. मी त्यातल्या जुन्या पानांवरून फक्त मुलगा की मुलगी, वर्ष, शाळा सोडल्याची इयत्ता आणि कारण एवढंच उतरवून दिलं. नाव आणि जात मुद्दाम वगळली, कारण त्या नोंदी कोणाच्या तरी आजी-आजोबांच्या आहेत आणि वर्गात त्यावरून कोणी कोणाला बोललेलं मला चालणार नाही. मुलांनी दशकवार तक्ता केला. जुन्या पानांवर चौथीनंतर मुलीच दिसेनात. एका मुलीने घरी जाऊन आजीला विचारलं, दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं: “आजी म्हने, चौथीच्या पुढची शाया दुसऱ्या गावी होती, अन् नाल्यावर पूल नोयता.” पूल कधी झाला, हे शोधायला मुलं ग्रामपंचायतीत गेली. या सगळ्याला खर्च आला तो एका वहीचा.

भंडारा जिल्ह्यात शिकवणारी माझी एक मैत्रीण हेच काम मामा तलावावर करते. मामा म्हणजे माजी मालगुजारी. तिकडे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारला भरायचा; 1951 मध्ये ती गेली आणि तलाव सरकारकडे आले. आमच्याकडे वऱ्हाडात रयतवारी होती, शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. विदर्भ एकच, पण जमिनीची व्यवस्था दोन तऱ्हेची. आमच्या दोघींची मुलं पत्रांतून एकमेकांना आपापलं गाव समजावून सांगतात.

‘वर्गात राजकारण’ या आरोपाचं उत्तर छोटं आहे. कोणाला मत द्या हे सांगणं राजकारण, आणि ते शिक्षकाने करू नये, यात वाद नाही. पण ग्रामसभा हा कायद्याने दिलेला मंच आहे. 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने तिला संविधानात जागा मिळाली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तोही 2006 च्या वनहक्क कायद्यामुळे आणि ग्रामसभेच्या चिकाटीमुळे. हे विदर्भातल्या मुलांनी शिकायचं नाही, तर कोणी?

गाइडबद्दल एवढंच: दहावीला इतिहास-राज्यशास्त्र 40 गुणांचं आणि भूगोल 40 गुणांचा, गुण मिळवावेच लागतात आणि मीही सनावळ्या पाठ करून घेते. पण आठवीच्या मुलाला नकाशावर आपली नदी कुठल्या दिशेला वाहते हे सांगता येत नसेल, तर पाठ केलेलं परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी जातं. पोलीस भरतीला बसायची वेळ आली की तीच पोरं सामान्य ज्ञानासाठी पुन्हा पैसे भरून क्लास लावतात.

मेसेजमधली एक तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. एकाच शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, त्यात बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम, सर्वेक्षणं, रोजच्या ऑनलाइन माहित्या. नव्या पद्धतीचं प्रशिक्षण मिळतं तेही धावतं. याचा मला संताप येतो. पण मग मागणी करायची ती आमचे तास आम्हाला परत द्या अशी. मुलांचा विषय काढून घ्या अशी नाही.

सध्या सातवी गावातल्या विहिरींचा नकाशा करतेय: गोडी, मचूळ, खारी, तीन रंगांत. कोणत्या विहिरीचं पाणी कधीपासून वापरात नाही, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहायचं. नदीकडच्या सात विहिरी अजून राहिल्यात. पोळा झाला की तिकडे जायचं ठरलंय.