माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, कारण तसं होतच नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत येतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: माणूस माकडापासून झाला असेल, तर माकडं अजून का आहेत? नवी जाती तयार होताना कोणी पाहिलीय का? इतकी गुंतागुंतीची सजीवसृष्टी निव्वळ योगायोगाने कशी बनेल? आणि उत्क्रांती हा तर नुसता ‘सिद्धांत’ आहे.

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह हेच बोलले होते: माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिलेला नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं. संदेश फिरायचा थांबला नाही. तो शाळेतली मुलंही वाचतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी माकडांचं. लाल तोंडाचं ते माकड आणि काळ्या तोंडाचं ते वानर, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. माणूस या दोघांपैकी कोणापासूनही झालेला नाही. आपला सर्वांत जवळचा नातलग चिंपांझी, आणि आपण त्याच्यापासूनही झालेलो नाही. साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत दोघांचे पूर्वज एकच होते. त्यांच्या वंशाला दोन फांद्या फुटल्या, एकीवर आज चिंपांझी आहे, दुसरीवर आपण. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषा जुन्या प्राकृत बोलींमधून आल्या. म्हणून मराठी झाल्यावर गुजराती का उरली, असं कोणी विचारत नाही. शिवाय प्राकृत बोलणाऱ्या कुठल्याही आईच्या पोटी एकाएकी मराठी बोलणारं मूल जन्मलं नाही. प्रत्येक पिढीला मागच्या पिढीचं बोलणं कळत होतं. तरी यादवकाळातला शिलालेख आज कोणी उलगडून सांगितल्याशिवाय आपल्याला समजत नाही.

आता ‘कोणी पाहिलंय?’ हा प्रश्न. तो प्रामाणिक आहे, आणि त्याचं उत्तर आहे: हो, पाहिलंय.

पॅसिफिक महासागरात गालापागोस द्वीपसमूहात डॅफ्नी मेजर नावाचं एक लहानसं, निर्मनुष्य बेट आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ दांपत्य १९७३ पासून वर्षानुवर्षं तिथे जाऊन राहत होतं. ते तिथल्या फिंच पक्ष्यांना पकडायचे, पायात कडी घालायचे, चोच मोजायचे आणि सोडून द्यायचे. १९७७ साली पाऊसच पडला नाही. बारीक, मऊ बिया पक्ष्यांनी संपवल्या. उरल्या त्या मुख्यतः कठीण कवचाच्या, काटेरी. आपल्या माळरानावर पायात रुततो त्या सराट्याच्या भाऊबंदाच्या. त्या फोडायला जाड चोच लागते. मध्यम चोचीच्या फिंचांपैकी शंभरातले सुमारे पंच्याऐंशी पक्षी दिसेनासे झाले, आणि जगले त्यांत जाड चोचीचे जास्त होते. चोचीची ठेवण आईबापांकडून येते, त्यामुळे पुढच्या पिढीची सरासरी चोच आधीपेक्षा जाड निघाली. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा.

इथेच त्या संदेशाची मूळ चूक दिसते. दुष्काळात एकाही पक्ष्याची चोच वाढली नाही. बदलला तो पक्ष्यांचा समूह, एक पक्षी नव्हे. एखादं माकड बदलताना दिसेल म्हणून कोणी जन्मभर झाडाखाली बसून राहिला, तरी त्याला काही दिसणार नाही. बदल तिथे घडतच नाही.

पण चोच जाड होणं वेगळं आणि नवी जाती होणं वेगळं, असा आक्षेप येईल. योग्य आहे. दोन समूहांमधला संकर थांबला की जाती वेगळ्या होऊ लागतात. १९८१ मध्ये याच बेटावर एक परका नर फिंच आला. तो शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या एस्पॅनोला बेटावरचा होता, हे पुढे त्याच्या डीएनएवरून कळलं. अंगाने मोठा, गाणं वेगळं. त्याने स्थानिक मादीशी जोडी जमवली. फिंचांची पिल्लं बापाचं गाणं शिकतात आणि जोडीदार निवडताना गाणं व चोच पाहतात. त्यामुळे हा वंश लवकरच फक्त आपापसात जोड्या जमवू लागला. ग्रँट दांपत्याने तो पिढ्यान्‌पिढ्या नोंदवला आणि २०१७ मध्ये त्याचा जनुकीय पुरावा प्रसिद्ध झाला. त्याला पूर्ण जाती म्हणावं का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मला तो मतभेदच फार मोलाचा वाटतो. जाती हळूहळू वेगळ्या होत असतील, तर ठामपणे ‘एक’ किंवा ‘दोन’ म्हणता येणार नाही अशी उदाहरणं सापडायलाच हवीत.

योगायोगाचा मुद्दा अर्धाच खरा आहे. जनुकांत बदल होतात ते गरज पाहून होत नाहीत, हे बरोबर. पण त्यांतले कोणते टिकणार, हे बहुतेक वेळा परिस्थिती ठरवते. डॅफ्नीवर ते सराट्याने ठरवलं. अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये एकाच जीवाणूच्या बारा वसाहती वेगवेगळ्या वाढवायला घेतल्या. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर त्यांतल्या एकीत हवेच्या सान्निध्यात सायट्रेट (लिंबातल्या आम्लापासून बनणारा क्षार) खाण्याची क्षमता आली. ती या जीवाणूत एरवी नसते. जुन्या पिढ्यांचे नमुने गोठवून ठेवले होते, म्हणून तिथपर्यंतची वाट मागे जाऊन तपासता आली.

राहिला ‘नुसता सिद्धांत’. रोजच्या बोलण्यात सिद्धांत म्हणजे अंदाज, विज्ञानात मात्र ज्याच्या आधारे पुढे काय सापडेल हे सांगता येतं तो. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशीत ४८ गुणसूत्रं, म्हणजे जनुकं वाहून नेणारे धागे, असतात, आपल्यात ४६. पूर्वज एकच असतील तर एक अख्खी जोडी नाहीशी होऊन चालणार नाही. दोन गुणसूत्रं कुठेतरी एकमेकांना जोडली गेलेली असली पाहिजेत. गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना एक ठरावीक क्रम असतो, बुटाच्या नाडीच्या टोकासारखा. १९९१ मध्ये आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात तो क्रम टोकापासून दूर, आतल्या भागात सापडला: दोन टोकं समोरासमोर जुळल्यावर दिसावा तसा, उलटसुलट.