चार दिवसांत पुन्हा बंद पडलेल्या तुमच्या चेनसॉबद्दल

नमस्कार काका,

तुमचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला. तुम्ही एक तारा दिलात आणि लिहिलंत, की मशीन कापता कापता बंद पडत होतं म्हणून आमच्याकडे आणलं. आम्ही 350 रुपये घेऊन 'कार्बोरेटर साफ केला' म्हणून परत दिलं. चौथ्या दिवशी फणसाच्या खोडात ते जे थांबलं ते थांबलंच. पुन्हा आणलं तर पिस्टन गेला म्हणून 2,950 रुपयांचं बिल, अकरा दिवसांचा खोळंबा, आणि वर 'तुम्हीच ऑइल कमी घातलंत' हे ऐकून घ्यावं लागलं. शेवटी तुम्ही म्हणता, की चांगलं मशीन बिघडवून गिऱ्हाइकाला नवीन घ्यायला लावायचा हा धंदा आहे.

हे शेवटचं वाक्य सोडलं तर तुमचं सगळं म्हणणं खरं आहे.

आधी ऑइलचं बोलतो, कारण तिथे तुम्हाला विनाकारण बोल लागला. मशीन परत आलं तेव्हा मी आतल्या बाजूला होतो. दोरी हलत नाही एवढं बघून आमचा मुलगा काउंटरवर म्हणाला, ''तुमी ऑइल कमी घातलात, म्हणान पिस्टन गेलो.'' मशीन उघडलंही नव्हतं. टू-स्ट्रोक इंजिन सीज झालं, म्हणजे पिस्टन आत जाम झाला, की दहातले आठ जण हेच बोलतात आणि बरेचदा ते खरंही निघतं. पण तुमच्या बाबतीत ते खोटं होतं. तुम्ही पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मोजून घालता, म्हणजे 50ला 1, आणि ते बरोबर आहे. मशीन उघडल्यावर त्याचा पुरावाही मिळाला. क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) घरात ऑइलचा ओलावा होता, कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगवर निळसर डाग नव्हता. नुसत्या पेट्रोलवर चाललेल्या मशीनचं आतलं अंग कोरडं ठणठणीत असतं आणि पिस्टन चहूबाजूंनी ओरबाडलेला असतो. तुमचा पिस्टन फक्त सायलेन्सरच्या बाजूला ओरबाडला होता. कार्बोरेटरच्या बाजूला तर कारखान्यातल्या मशीनिंगच्या रेघाही शाबूत होत्या. म्हणजे एअर फिल्टरमधून भुसा गेल्याचाही प्रश्न नव्हता, तसं असतं तर नेमकी तीच बाजू घासून मळकट झाली असती. तुमची काळजी आणि तुमचं मोजमाप दोन्ही चोख होतं. मुलाच्या बोलण्याबद्दल मी माफी मागतो. तो तुम्हाला भेटून स्वतःही मागणार आहे.

मग बिघाड कुठे होता? मॅग्नेटच्या मागे असलेल्या क्रँकच्या ऑइल सीलमध्ये, म्हणजे दांड्याभोवतीच्या रबरी कड्यात. त्याची कड वाळून कडक झाली होती आणि तिथून इंजिन बाहेरची हवा ओढत होतं. वरून बघून हे कळत नाही. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडं रबरी पट्टीने बंद केली, प्लगच्या भोकातून हातपंपाने साधारण अर्धा बार हवा भरली. काटा तिथे स्थिर राहायला हवा, पण बघता बघता खाली आला. सीलवर साबणाचं पाणी सोडल्यावर बुडबुडे दिसले.

आता ही हवा एवढी घातक का, ते नीट सांगतो, कारण अनेक बागायतदारांना वाटतं की मशीन अचानक गेलं. चेनसॉच्या इंजिनात वेगळी ऑइलची टाकी नसते (जी असते ती चेनच्या ऑइलची). पिस्टनला मिळणारं वंगण पेट्रोलमधूनच येतं. सीलमधून जादा हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. ज्वाला जास्त तापते, पेट्रोल कमी म्हणून थंडावा कमी, आणि त्याच पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही कमी. मिनिटाला 12,000 फेरे म्हणजे सेकंदाला 200 स्फोट. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलेंडरशी फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी. तापलेला पिस्टन फुगतो, भिंतीला घासतो, ॲल्युमिनियम भिंतीवर लिंपलं जातं आणि रिंग खाचेतच अडकते. त्या दिवशी फणसाच्या खोडात फुल रेसवर हे काही सेकंदांत घडलं. पण त्याची तयारी बरेच दिवस चालली होती.

आणि इथेच आमची खरी चूक आहे. पहिल्या वेळी तुम्ही दोन गोष्टी सांगितल्या होत्या: गरम झाल्यावर बंद पडतं, आणि रेस सोडली तरी आवाज पटकन खाली येत नाही. आमच्या जॉब कार्डवर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'स्लो बसत नाही.' रेस सोडल्यावरही इंजिन चढून राहणं ही हवा ओढत असल्याची ओळखीची खूण आहे. तेव्हा प्रेशर लावून, म्हणजे वर सांगितली तशी हवा भरून बघायला अर्धा तास लागला असता. मी कार्बोरेटर उघडला, त्यातला डायफ्राम (पातळ लवचीक पडदा) जरा ताठरलेला दिसला, तो धुतला आणि स्लोचा स्क्रू फिरवून आवाज जागेवर आणला. दुकानात दहा मिनिटं मशीन सुरेख चाललं. खूण झाकली गेली आणि रोग तसाच राहिला. आगोटीच्या दिवसांत रांगेत पंधरा-वीस मशीन असतात हे खरं, पण तुमच्या मशीनला त्याचं काय?

मुद्दाम बिघडवलं, हे मात्र मी मान्य करणार नाही. मुद्दाम करायचं असतं तर तुमचा सिलेंडरही बदलला असता, तो तर सर्वांत महाग भाग. भिंतीवर लिंपलेलं ॲल्युमिनियम ॲसिडने हळूहळू उतरवलं (हे घरी कोणी करू नये, कडेला गेलं तर सिलेंडरच खातं), बारीक पॉलिश पेपर मारला आणि नखाने तपासलं. आतला कठीण मुलामा कुठेही सोललेला नव्हता, म्हणून तुमचाच सिलेंडर ठेवला. नवीन मशीन घ्या असं आम्ही एकदाही म्हटलं नाही. पिस्टन 'डुप्लिकेट' घातला म्हणता, तर तो कंपनीचा नाही हे खरंच आहे आणि बिलावर तसं लिहिलंयही. पण फोनवर आधी विचारायला हवं होतं, ते राहिलं.

अकरा दिवसांचं कारणही साधं आहे. कोल्हापूरहून आलेला पहिला पिस्टन चुकीच्या मापाचा निघाला, तो परत पाठवण्यात पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत तुम्हाला एक फोन करायला हवा होता. मृग तोंडावर आलेला, घराच्या पाठच्या अकेशियाच्या फांद्या कौलांवर झुकलेल्या, आणि तुम्ही दुसऱ्याचं मशीन भाड्याने आणलंत, हे मला तुमच्या अभिप्रायातून कळलं. 2021च्या तौक्ते वादळानंतर आमच्या गावाकडचा रस्ता मोकळा व्हायची वाट आम्हीही पाहिली आहे. पावसाच्या तोंडावर चेनसॉ हातात नसणं म्हणजे काय, ते मला दुसऱ्याने सांगायला नको होतं.

पेट्रोलचं तुम्ही विचारलंय, त्याचं उत्तर इतरांनाही उपयोगी पडेल. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. कॅनमध्ये महिनोन्महिने ठेवलेल्या मिश्रणात पाणी इथेनॉलसकट तळाला बसतं, आणि मशीनच्या टाकीतला फिल्टर नेमका तळाचंच ओढतो. जुने डायफ्राम आणि पाइपही त्याने लवकर खराब होतात. महिन्याला पुरेल एवढंच मिसळा आणि मशीन ठेवताना टाकी रिकामी करून ते बंद पडेपर्यंत चालवा. तुमच्या सीलला पेट्रोलनेच वाळवलं, असं मात्र मी म्हणणार नाही. इतकी वर्षं उष्णता सोसलेलं रबर आपणहूनही वाळतं.

मशीन भर कापणीत आपोआप थांबलं तर लगेच जोराने दोरी ओढू नका. आधी हळू ओढून बघा. दोरी अडकत असेल किंवा नेहमीचा दाब लागत नसेल, तर तिथेच थांबून सायलेन्सरचे बोल्ट काढा आणि बॅटरीच्या उजेडात आत बघा. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर पुढे ओढू नका. दाब चांगला असेल तर टाकीचं झाकण सैल करा. फुस्स आवाज आला आणि मग मशीन चालू झालं, तर टाकीचा हवेचा रस्ता चोंदलाय. प्लग काढून बघा, कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर ठिणगी तपासा. गरम झाल्यावर ठिणगी जाते आणि गार झाल्यावर येते, तर कॉइल गेली. ही एवढी तपासणी शेताच्या बांधावरही होते.

आता हिशोब. 2,950मध्ये पिस्टन-रिंगचे 950, दोन्ही सीलचे 320, गॅस्केट, पेट्रोलचा पाइप आणि प्लग मिळून 380, मजुरी 1,300. सील कधी ना कधी बदलावे लागणारच होते, पाइपही जुना होता, म्हणून ते 700 रुपये मी ठेवतो. पिस्टन मात्र पहिल्या वेळी प्रेशर लावलं असतं तर बहुतेक वाचला असता, म्हणून त्याचे पैसे, दोन्ही वेळची मजुरी, म्हणजे 950, 1,300 आणि आधीचे 350, एकूण 2,600 रुपये तुम्हाला परत. तुम्ही दुकानात येऊ नका, मी रविवारी सकाळी तुमच्या घरी येतो. जुना पिस्टन आणि सील पिशवीत ठेवलेत, तेही आणतो, म्हणजे वर जे लिहिलं ते तुम्हाला डोळ्यांनी बघता येईल.

येताना टॅकोमीटरही (इंजिनचे फेरे मोजायचं यंत्र) आणतो. नवीन पिस्टन अजून बसायचाय, तोवर पहिल्या चार-पाच टाक्या मशीनला मोठ्या खोडात नेऊ नका, बारीक फांद्याच कापा. त्यानंतर कार्बोरेटर पुन्हा एकदा ट्यून करावा लागेल, त्याचे पैसे नाहीत. दुकानात त्या दिवसापासून, स्लोची तक्रार घेऊन आलेल्या मशीनचा कार्बोरेटर उघडायच्या आधी प्रेशर लावतो. गेल्या आठवड्यात अशी दोन मशीन सापडली, दोन्हींचा पिस्टन शाबूत होता.

अभिप्राय काढून टाका असं मी म्हणणार नाही. तो राहू दे.