हात खाली घ्या

परवा मला महापालिकेच्या प्रेक्षक गॅलरीतून बाहेर काढलं. गुन्हा काय, तर कान खाजवला.

डाव्या कानामागे डास चावला होता. (डासनिर्मूलनाची तरतूद आरोग्य खात्याच्या पानावर आहे, मी मुद्दाम पाहून ठेवली आहे.) हात वर गेला आणि खाजवून होईपर्यंत वरच राहिला. नेमक्या त्याच क्षणी खाली सभागृहात महापौर म्हणाल्या, "विरोध असलेल्यांनी हात वर करावेत." अख्ख्या इमारतीत वर असलेला हात एकच, माझा. मागून सुरक्षारक्षक आला.

"साहेब, हात खाली घ्या. प्रेक्षकांना मत नसतं."

"मत कुठे देतोय? कान खाजवतोय."

"मग बाहेर जाऊन खाजवा."

मी तिथे कशाला तडफडलो होतो? आमच्या गल्लीच्या पावसाळी गटारासाठी. तीन वर्षं अर्ज करतोय. शेवटी नगरसेविका ताई म्हणाल्या, "बजेटमध्ये घेतलंय दादा, हवं तर स्वतःच्या डोळ्यांनी येऊन बघा." मीही असा बावळट की पास काढून खरंच गेलो. गॅलरीत मी आणि एक काका, बाकी सगळ्या खुर्च्या.

काकांच्या मांडीवर जाड वही, खिशात दोन पेनं. नगरसचिव कार्यालयात तीस वर्षं इतिवृत्त लिहून निवृत्त झालेले. आता सवय सुटत नाही म्हणून घरचा डबा घेऊन सभेला येतात आणि खासगी इतिवृत्त लिहितात. मी शेजारी बसलो तशी त्यांनी माझी हजेरी मांडली. वेळेसकट.

"पहिल्यांदा आलात?"

"हो. मतदान बघायला."

काका इतके हसले की खालून दोन नगरसेवकांनी वर पाहिलं. "मतदान? अहो, मी तीस वर्षांत मतदान फार तर बोटांवर मोजण्याइतकं लिहिलं. बाकी सगळं 'सर्वानुमते मंजूर'. हाताला इतकं बसलंय की मुलीचं लग्न ठरलं तेव्हा याद्यांच्या कागदावर खाली लिहून टाकलं, 'सर्वानुमते मंजूर'. सूचक मुलीची आई, अनुमोदक मुलीची आत्या."

"आणि तुम्ही?"

"मी नोंद घेतली."

तेवढ्यात खाली काहीतरी झालं. म्हणजे झालं असावं. महापौर मान वर न करता "विषय क्रमांक नऊ, मंजूर, दहा, मंजूर, अकरा, उपसूचनेसह मंजूर, बारा, दप्तरी दाखल" असं एका दमात म्हणून गेल्या. मी विचारलं, हात कुणी वर केले? मोजले कुणी?

"मोजायचे कशाला?" काकांनी वही मिटली. आता वर्ग सुरू होणार हे मला कळलं. "1949 चा अधिनियम आहे. आधी त्याचं नाव मुंबई प्रांतिक होतं, 2012 पासून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. नाव बदललं, पण गंमत तीच. अध्यक्षस्थानावरून 'ठराव मंजूर' म्हटलं, त्याच वेळी सदस्यांनी मतदान मागितलं नाही आणि इतिवृत्तात तशी नोंद झाली, की तो निर्णायक पुरावा. बाजूने किती, विरुद्ध किती, हे सिद्ध करायची गरज नाही. म्हणजे ठराव नक्की कुठे मंजूर होतो?" त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं पेन धरल्यासारखी माझ्या नाकासमोर धरली. "इथे!"

मला एकदम त्या बोटांच्या पाया पडावंसं वाटलं. तीन वर्षं मी चुकीच्या माणसांकडे अर्ज करत होतो.

मग काकांनी सगळी चढण समजावली. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात ते स्थायी समितीपुढे. समितीत सोळा जण. ते आकडे वाढवतात. मग स्थायीचे अध्यक्ष ते मुख्य सभेपुढे आणतात. तिथे उपसूचनांचा पाऊस पडतो आणि आकडे आणखी वाढतात. 31 मार्चच्या आत सगळं आटपायचं. "पण उत्पन्न तेवढंच असेल ना?" मी विचारलं. काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी कारकून जादा रकाना भरलेल्या अर्जदाराकडे बघतो.

"आणि पुरेसे सदस्य नसले तर?"

"गणपूर्ती नसली तर सभा तहकूब."

"बरं आहे."

"आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही."

म्हणजे कमी माणसं आली म्हणून सभा पुढे ढकलायची, आणि पुढच्या वेळी आणखी कमी आली तरी चालतं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही हे कलम पाठ आहे. मला उगाच वाटायचं, ते त्यांनीच काढलं असेल.

खरं सांगतो, इथवर मला मजा येत होती. मग काका प्रशासकांच्या काळाकडे वळले. 2022 च्या मार्चमध्ये मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांची मुदत संपली, आणि मतदान झालं थेट जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते. आयुक्त तेच प्रशासक. प्रशासनानं अंदाजपत्रक तयार करायचं आणि प्रशासनाच्याच प्रमुखानं ते मंजूर करायचं.

"मी तोवर निवृत्त झालो होतो," काका हळहळले. "काय लिहिलं असतं हो! तीस वर्षांत 'सर्वानुमते' हा शब्द पहिल्यांदा खरा ठरला असता."

यावर मी हसलो. रात्री घरी आल्यावर मात्र हसू येईना. माझे तीन वर्षांतले बहुतेक अर्ज त्याच काळातले. त्या चार वर्षांत गटाराला विरोध करणारं कुणी नव्हतं, बाजूने बोलणारंही कुणी नव्हतं. पाणी मात्र दर जुलैत न चुकता घरात आलं, गणपूर्तीसह.

असो. तर डास चावला तो याच सुमारास.

रक्षकाशी मी थोडी हुज्जत घातली. म्हटलं, मत तर आयुक्तांनाही नाही. ते सभेत बसतात, बोलतात, पण मत देऊ शकत नाहीत. निवडून न येता नेमलेल्या स्वीकृत सदस्यांनाही नाही, घटनेतच तसं लिहिलंय. (ही माहिती मला वीस मिनिटांपूर्वी मिळाली होती, पण मी ती जन्मजात असल्यासारखी फेकली.) मग त्यांनी कान खाजवला तर त्यांना काढता का बाहेर? रक्षक म्हणाला, "त्यांची खुर्ची खाली आहे साहेब." याला उत्तर नव्हतं. शिवाय खाली दोन गटनेते एकमेकांच्या अंगावर धावले होते, एक जण महापौरांच्या अधिकाराचं चिन्ह असलेल्या मानदंडाकडे निघाला होता, आणि त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नव्हतं. शिस्त पाळायला सगळ्या वास्तूत मी एकटा सापडलो.

बाहेर जिन्यात उभा राहिलो. थोड्या वेळानं काकाही आले, जेवणाची सुट्टी झाली होती. मी विचारलं, "चौदा नंबरचं काय झालं? गटार?"

"झालं की. तुमचा हात वर होता तेव्हा चौदाच चालू होता."

माझा घसा कोरडा पडला. तीन वर्षं ज्या गटारासाठी चपला झिजवल्या, त्याला या शहरात झालेला एकमेव विरोध माझा होता.

"घाबरू नका," काकांनी वही उघडून दाखवली. सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं होतं : विषय क्र. 14, सर्वानुमते मंजूर. "पण तरतूद टोकन आहे."

"टोकन म्हणजे?"

"लेखाशीर्ष उघडलंय, म्हणजे बजेटमध्ये कामाच्या नावाची ओळ. त्यात एक रुपया."

"आणि बाकीचे?"

"वर्गीकरणातून येतील. दुसऱ्या कुठल्या कामाचे पैसे उरले तर. नाहीतर तुमचा रुपया दुसरीकडे जाईल." मग माझा चेहरा पाहून त्यांनी धीर दिला. "आणि शासनाने कलम 451 खाली ठराव विखंडित, म्हणजे रद्द, केला नाही तर."

एक रुपयाच्या गटारासाठी शासन कशाला तसदी घेईल, असं मी म्हणालो. काका म्हणाले, "तेही खरं," आणि डबा उघडायला निघून गेले.

खाली फाटकावर रक्षकानं रजिस्टर पुढे केलं. येण्याचं कारण या रकान्यात सकाळी माझ्याच हातानं लिहिलेलं होतं, 'मतदान पाहणे'. जाण्याच्या कारणाला रकाना नव्हता. वेळ टाकली, सही केली, आणि रस्त्यावर येऊन दोन्ही कान मनसोक्त खाजवले.